ॲप घेण्याआधी आपल्या माणसाबरोबर एक दिवस फिरा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फील्डवरच्या टीमसाठी मोबाईल फॉर्म कसा बनवायचा ते बघितलं. प्रश्न कसे टाकायचे, फोटो कसा जोडायचा, सगळी माहिती एका शीटमध्ये कशी गोळा होते, हे सगळं स्क्रीनवर दाखवलं. व्हिडिओ तांत्रिक होता आणि तो तसाच असायला हवा होता. पण एक गोष्ट त्यात सांगायची राहिली. खरं सांगायचं तर राहिली नाही, मी टाळली. कॅमेऱ्यासमोर ती सांगायला जीभ रेटली नाही. म्हणून इथे लिहितोय.

फील्ड डेटा ॲपच्या बाबतीत मी स्वतः एक मोठी चूक केलेली आहे. पैसे क्लायंटचे गेले आणि नोकरी एका चांगल्या माणसाची गेली. आज माझं या विषयावर जे काही ठाम मत आहे, ते त्या चुकीतून आलंय. त्यामुळे आधी किस्सा, मग मत.

काय घडलं होतं

भोसरीत माझे एक क्लायंट आहेत. घरगुती आरओ प्युरिफायर, सोसायट्यांचे आणि कारखान्यांचे आरओ प्लांट, यांची विक्री आणि वार्षिक देखभाल असा धंदा. 11 टेक्निशियन, सगळे दुचाकीवर. प्रत्येकाकडे कार्बनवालं जॉब कार्डचं पुस्तक. पिवळी कॉपी ग्राहकाला, पांढरी ऑफिसला. ऑफिसमधल्या ताई शनिवारी बसून आठवड्याची कार्डं एक्सेलमध्ये भरायच्या. अर्धी कार्डं पाण्याने भिजलेली, अर्ध्यांवर सही नाही, आणि कुठलं स्पेअर कुणाकडे गेलं याचा मेळ कधीच लागायचा नाही.

साहेबांची तक्रार रास्त होती. "सर, महिन्याला किती मेंब्रेन बाहेर गेल्या ते मला माहितीये. कुणाच्या मशीनमध्ये बसल्या ते माहिती नाही."

मी म्हटलं, सोप्पं आहे. ॲप घ्या.

महिन्याला माणशी पैसे घेणारं एक ॲप घेतलं. फॉर्म मी बनवला. आता हसू येतं, पण तेव्हा मला त्या फॉर्मचा अभिमान वाटत होता. 34 प्रश्न होते त्यात! ग्राहकाचं नाव, पत्ता, मॉडेल, सिरियल नंबर, आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, बाहेरच्या पाण्याचा टीडीएस, प्रेशर, प्रत्येक फिल्टरची अवस्था, तीन फोटो, ग्राहकाचं समाधान 1 ते 5, ग्राहकाची सही, वर जीपीएस. डॅशबोर्ड तर असा रंगीत की साहेब पाहुण्यांना दाखवायचे.

दोन महिन्यांनी डॅशबोर्डवर एक यादी आली: कोण किती काम करतो. बाकीचे सगळे दिवसाला 8-9 भेटी. सगळ्यात खाली एक नाव, दिवसाला सरासरी 4. शिवाय त्याच्या बऱ्याच नोंदींवर लाल खूण, "ग्राहकाच्या ठिकाणापासून दूर".

हा माणूस कंपनीतला सगळ्यात जुना टेक्निशियन. 16 वर्षं झालेली. सगळे त्याला मामा म्हणायचे. साहेबांनी मला फोन केला. म्हणाले, "मामांचं काय करू? विश्वास बसत नाही."

आणि मी म्हणालो, "साहेब, आकडे बोलतायत."

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर मामांना विचारलं. मोठ्या पडद्यावर तो तक्ता लावलेला. मामा काही बोलले नाहीत. कंपनीचा फोन टेबलावर ठेवला, दोन ओळींचा राजीनामा लिहिला आणि निघून गेले.

पुढच्या महिन्यात चाकण, तळेगाव भागातले तीन मोठे प्लांट बंद पडले. दुरुस्त कोण करणार? बाकीच्या दहापैकी दोघांनाच ते काम येत होतं, तेही अर्धवट.

मग मी ते केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. एका टेक्निशियनच्या मागे गाडीवर बसून दिवसभर फिरलो.

त्या एका दिवसात काय दिसलं ते सांगतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही खऱ्या पाच भेटी केल्या. एकाही ठिकाणी त्याने फोन काढला नाही. हात ओले, खाली बादली, मागे ग्राहकाचं लहान मूल मशीनच्या स्क्रूशी खेळतंय. फोन कसा काढणार? सात वाजता चहाच्या टपरीवर बसून त्याने वीस मिनिटांत नऊ फॉर्म भरले. पाच खरे आणि चार "उद्याचे", म्हणजे उद्या करायच्या भेटी आजच टाकून दिल्या. टीडीएस? "सर, या एरियात 80 च येतो." फोटो? गॅलरीत एक छान फोटो होता, तो सगळीकडे.

मी त्याला विचारलं, लोकेशनचं कसं करता? तर म्हणाला, पहिला फॉर्म ग्राहकाच्या दारात उघडून ठेवायचा, तेव्हाच लोकेशन बसतं, बाकीचा नंतर भरायचा. सगळ्यांना ही युक्ती माहिती होती. मामांना नव्हती, किंवा त्यांना ती करायची नव्हती.

आणि मामांच्या चार भेटी? त्यांच्याकडे कारखान्यांचे प्लांट होते. एकेका प्लांटला दोन-दोन तास. पंप रूम तळघरात, तिथे रेंज नाही. म्हणून मामा काम संपवून रस्त्यावर यायचे आणि तिथे उभं राहून फॉर्म भरायचे. प्रामाणिकपणे, प्रत्येक भेटीचा, 34 च्या 34 प्रश्न. लाल खूण त्यामुळेच.

माझ्या फॉर्ममध्ये 34 प्रश्न होते आणि "काम कोणत्या प्रकारचं" हा प्रश्नच नव्हता. घरगुती सर्व्हिस आणि प्लांटची दुरुस्ती, दोन्ही डॅशबोर्डला सारखीच दिसत होती. एक भेट म्हणजे एक भेट.

मी मामांना फोन केला. माफी मागितली. ते नीट बोलले, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, मला एकट्याला बोलावून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." परत यायला मात्र तयार झाले नाहीत. आता त्यांचं स्वतःचं काम आहे, बरं चाललंय.

माझं मत

फील्डवर मोबाईल ॲप वापरायलाच हवं. यात माझं मत बदललेलं नाही. कार्बन कॉपीच्या जमान्यात परत जा असं मी सांगणार नाही. पण ॲप हे माणसावर नजर ठेवायला आणलं, की त्यातून खोटा डेटा बाहेर येतो. आणि खोटा डेटा हा डेटा नसण्यापेक्षा वाईट. डेटा नसतो तेव्हा मालक निदान चार जणांना विचारतो. खोटा डेटा समोर असला की तो विचारायचंच बंद करतो. माझ्या क्लायंटने मला विचारलं होतं. मीच पडद्याकडे बोट दाखवलं.

हे फक्त आपल्यासारख्या छोट्या धंद्यांत घडतं असं नाही. सरकारी उदाहरणं बघा, आपल्या डोळ्यांसमोरची आहेत.

मनरेगाच्या कामांवर मजुरांची हजेरी घ्यायला एनएमएमएस नावाचं ॲप आलं. 1 जानेवारी 2023 पासून ते सक्तीचं झालं. कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो टाकायचे. कल्पना चांगली, बोगस हजेरी थांबावी म्हणून. पण जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहावं लागलं, की भलतेच फोटो अपलोड होतायत, फोटोचा फोटो काढून टाकला जातोय. म्हणजे टपरीवरची आमची युक्ती देशभर चालू होती! आणि दुसऱ्या बाजूला, रेंज नाही म्हणून फोटो गेला नाही आणि खरं काम केलेल्या मजुराची हजेरी बुडाली, अशाही तक्रारी होत राहिल्या. बनवाबनवी करणारा सुटतो, प्रामाणिक माणूस अडकतो. मामांचीच गोष्ट.

दुसरं, अंगणवाडी. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर ॲप आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायचं आंदोलन केलं. त्यांचं म्हणणं काय होतं? फोन जुने, कमी क्षमतेचे, सारखे बंद पडतात, आणि ॲप इंग्रजीत. काम करायला त्यांची ना नव्हती. जे हत्यार हातात दिलंय त्याने काम होत नाही, एवढंच त्या सांगत होत्या. तुमचा सेल्समन "ॲप चालत नाही" म्हणतो तेव्हा तो आळशीच असेल असं समजू नका. एकदा त्याचा फोन हातात घेऊन बघा.

तिसरं उदाहरण जरा शिकण्यासारखं आहे. आपली ई-पीक पाहणी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. तिलाही अडचणी आल्या. सर्व्हर स्लो, शेवटच्या दिवसांत गर्दी, मुदतवाढ, हे सगळं आपण बघितलं. पण पुढच्या वर्षी ॲप सुधारलं तेव्हा त्यात दोन गोष्टी आणल्या, ज्या मला फार आवडल्या. एक, नोंद चुकली तर शेतकऱ्याला 48 तासांत स्वतः दुरुस्त करता येईल. दोन, शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंघोषणा म्हणून मान्य धरायची आणि तलाठ्याने त्यातल्या 10 टक्के नोंदी तपासायच्या.

बघा हं, यात केवढं शहाणपण आहे. माणसावर आधी विश्वास, चूक सुधारायला वेळ, आणि थोडी पण नक्की होणारी तपासणी. हेच तीन नियम मी आता प्रत्येक क्लायंटला सांगतो.

"पण सर, माणसं फसवतात म्हणूनच तर ॲप आणायचं ना?"

हा प्रश्न मला प्रत्येक वर्कशॉपमध्ये येतो. उत्तर देतो.

हो, काही माणसं फसवतात. कुठल्याही टीममध्ये असतात. पण एका चोरासाठी तुम्ही दहा जणांना दिवसभर पुरावे देत बसायला लावलं, तर दहा जण पुरावे बनवायला शिकतात. आणि हिशोब तर करा. 34 प्रश्न गुणिले 9 भेटी, म्हणजे दिवसाला 306 उत्तरं. एका उत्तराला 8 सेकंद धरली तरी 40 मिनिटं होतात. रोजची 40 मिनिटं, ओल्या हाताने, उन्हात स्क्रीन दिसत नसताना. हा वेळ तुम्ही पगारात धरलाय का? त्याच्या टार्गेटमधून वजा केलाय का? केला नसेल, तर तो कुठून काढणार? टपरीवरच काढणार.

चोर पकडायचा असेल तर त्याचे मार्ग वेगळे आणि सोपे आहेत. ते खाली सांगतो.

आम्ही नंतर काय केलं

त्या क्लायंटकडे आम्ही सगळं पुन्हा केलं. क्रम नीट वाचा, कारण क्रमातच गंमत आहे.

आधी ठरवलं, की निर्णय कोणते घ्यायचेत. साहेब, ताई आणि दोन टेक्निशियन, असे चौघं बसलो. फळ्यावर लिहिलं: मला दर आठवड्याला काय ठरवायचंय? तीनच गोष्टी निघाल्या. कुठलं स्पेअर किती मागवायचं. कुणाकडे पुन्हा जायचंय. कुणाकडून पैसे यायचेत. मग 34 प्रश्नांतल्या प्रत्येकाला विचारलं, "तुझ्या उत्तराने यातला कुठला निर्णय बदलतो?" ज्याला उत्तर नाही तो प्रश्न बाद. "ग्राहकाचं समाधान 1 ते 5" हा पहिल्या फटक्यात गेला. सगळे 5 च होते, कारण आकडा टेक्निशियनच टाकायचा!

शेवटी सात प्रश्न उरले. ग्राहक कोण, कामाचा प्रकार, आत येणारा टीडीएस, बाहेरचा टीडीएस, कुठलं स्पेअर बदललं, किती पैसे घेतले, आणि काम पूर्ण झालं की परत यायचंय. ग्राहकाचं नाव टाईप करायचं नाही, मशीनवरच्या क्यूआर स्टिकरवरून येतं. तारीख-वेळ आपोआप. आता नऊ भेटी असल्या तरी 63 उत्तरं, आठ-साडेआठ मिनिटांचं काम.

मग आठवडाभर कागदावर चालवलं. हो, कागदावर! सात प्रश्नांचं छापील कार्ड. कारण कागदावर जे चालत नाही, ते मोबाईलवर चालणार नाही. पहिल्याच दिवशी कळलं, की "स्पेअर" च्या यादीत अडॉप्टरच नव्हता, आणि सगळ्यात जास्त तोच बदलला जातो.

शब्द त्यांचेच ठेवले. फॉर्मवर "मेंब्रेन", "एसव्ही", "पंप", "कार्ट्रिज" असंच लिहिलं, देवनागरीत. शुद्ध मराठी करायच्या नादात कुणाला न कळणारे शब्द घालू नका. टीममध्ये दोन मुलं बिहारची आहेत, त्यांच्यासाठी तोच फॉर्म हिंदीत.

ऑफलाईन चालणारंच निवडलं. हा मुद्दा अधोरेखित करा. साधा गूगल फॉर्म शिकायला, ऑफिसमध्ये वापरायला उत्तम, पण रेंज नसेल तर तो पाठवता येत नाही. तळघर, लिफ्टची रूम, डोंगराळ गाव, एमआयडीसीचे पत्र्याचे शेड, इथे ऑफलाईन साठवून नंतर पाठवणारं ॲप लागतं. गूगलचंच ॲपशीट ते करतं. कोबोटूलबॉक्स आणि ओडीके ही सर्वेक्षणासाठी बनलेली साधनं आहेत, जगभर सामाजिक संस्था वापरतात, तीही ऑफलाईन चालतात. महागडं ॲप घेण्याआधी ही वापरून बघा. समजा एखादं ॲप माणशी 300 रुपये महिना घेतंय, तर 11 जणांचे वर्षाला 39,600 होतात. तेवढ्यात काय काय येतं ते तुम्हीच बघा. आणि विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: "मी उद्या सोडून गेलो तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का?" उत्तर द्यायला तो अडखळला तर उठा तिथून.

डेटा भरणाऱ्याला काहीतरी परत दिलं. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. आधी टेक्निशियन भरायचा आणि साहेब बघायचे. आता सकाळी त्याच्या फोनवर यादी येते: आज कुठे जायचंय, मागच्या वेळी तिथे काय बदललं होतं, आज कुठलं स्पेअर सोबत न्यायला हवं. एक फुकटची फेरी वाचली की त्याचाच अर्धा तास वाचतो. शिवाय पेट्रोल भत्ता फॉर्मवरून निघतो. जेवढ्या भेटी भरल्या तेवढं पेट्रोल, दर शनिवारी. पहिल्या आठवड्यात दोघांनी स्वतःहून ताईंना फोन केला, "ताई, माझी एक भेट राहिली टाकायची." आधीच्या ॲपवर असा फोन कधीच आला नव्हता.

आता कुणी म्हणेल, पेट्रोलसाठी खोट्या भेटी भरतील. भरू शकतात. त्यासाठी तपासणी.

खोटं ओळखायचं कसं

ई-पीक पाहणीसारखंच. दहातल्या एका भेटीचा ताई ग्राहकाला फोन करतात. "आमचा माणूस आला होता ना? काय बदललं?" एवढंच. कुठल्या भेटीचा फोन ते चिठ्ठी टाकून ठरतं, माणूस बघून नाही. हे टीमला आधीच सांगितलेलं आहे, लपून काही नाही.

याशिवाय आकडेच बोलतात, फक्त नीट ऐकायला शिका. तीन खुणा सांगतो.

पहिली खूण वेळ. नऊ फॉर्म वीस मिनिटांत आले असतील तर ते कामाच्या जागी भरलेले नाहीत. पण लगेच खोटे समजू नका, रेंज नसल्यामुळे एकदम गेले असतील. म्हणून फॉर्म उघडल्याची, पूर्ण केल्याची आणि पोचल्याची वेळ वेगवेगळी नोंदवणारं ॲप घ्या.

दुसरी खूण शेवटचा अंक. खरं मोजलं तर टीडीएसचा शेवटचा अंक 0 ते 9 कुठलाही येतो, साधारण सारख्या प्रमाणात. 83, 91, 77, 104 असे. निम्म्याहून जास्त आकडे 0 ने संपत असतील तर मीटर पिशवीतच आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. पेनसारखे स्वस्त मीटर 1000 च्या वर गेले की दहा-दहाच्या पटीतच दाखवतात. बोअरचं पाणी असेल तर 0 येणारच. म्हणजे कुणाला बोलायच्या आधी मीटर कसं चालतं तेही माहिती हवं.

तिसरी खूण, सगळं फारच छान असणं. महिनाभर एकही तक्रार नाही, एकही अपूर्ण काम नाही. असा धंदा मी तरी बघितलेला नाही.

आणि यातली कुठलीही खूण दिसली तर काय करायचं? माणसाला एकट्याला बोलवायचं, चहा द्यायचा आणि विचारायचं, "हे असं का दिसतंय, मला समजावून सांगा." पडद्यावर लावायचं नाही. मीटिंगमध्ये काढायचं नाही. पहिले तीन महिने तर डेटा पगाराशी आणि शिक्षेशी जोडायचाच नाही. त्या तीन महिन्यांत चुका माणसाच्या कमी आणि फॉर्मच्या जास्त निघतात.

जीपीएसबद्दल थोडं

मालकांना जीपीएसचं फार आकर्षण आहे. म्हणून स्पष्ट सांगतो. उघड्या आभाळाखाली मोबाईलचं लोकेशन साधारण 5 मीटरपर्यंत बरोबर येतं. उंच इमारतींच्या मध्ये, पत्र्याखाली, तळघरात ते कितीही सरकू शकतं. त्या लाल खुणेवर कुणाची नोकरी ठरवू नका.

दुसरं, चोवीस तास लोकेशन चालू ठेवणारी ॲप्स. कामगार रविवारी देवाला गेला की सासुरवाडीला, हे तुम्हाला कशाला हवंय? आणि फोन त्याचा स्वतःचा, रिचार्ज त्याचा स्वतःचा असेल तर तुम्हाला तो हक्कच नाही असं माझं मत आहे. आम्ही काय केलं, तर लोकेशन फक्त फॉर्म पाठवताना घेतलं जातं, ते मराठीत एका पानावर लिहून सगळ्यांना दिलं आणि रिचार्ज कंपनी देते.

शिवाय ग्राहकांचे नंबर, पत्ते, घराच्या आतले फोटो तुमच्याकडे जमा होतायत हे विसरू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झालाय, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आलेत आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. छोटा धंदा म्हणून आपल्याला काय त्याचं, असं समजू नका. साधा नियम पाळा: ज्याची गरज नाही ते गोळाच करू नका. सात प्रश्नांचा हाही एक फायदा आहे. जे गोळाच केलं नाही, ते कधी चोरीला जाणार नाही.

कुणाला ॲप नको

हेही सांगतो, मग माझ्या व्हिडिओचे व्ह्यूज कमी झाले तरी चालेल. तुमची फील्डवर दोन-तीनच माणसं असतील आणि तुम्ही रोज संध्याकाळी त्यांना भेटत असाल, तर तुम्हाला ॲप नको. एक वही, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि रोजची दहा मिनिटं पुरे. माणसं पाच-सहाच्या पुढे गेली, रोज भेट होत नाही, स्पेअर किंवा उधारी हातातून निसटायला लागली, तेव्हा ॲपचा विचार करा.

या आठवड्याचा गृहपाठ

फक्त एकच. ॲप शोधू नका, डेमो घेऊ नका. तुमच्या फील्डवरच्या एका माणसाबरोबर एक पूर्ण दिवस फिरा. तुमच्या गाडीतून नाही, त्याच्या गाडीवर. दिवसभर एकच बघा: त्याचे हात कधी रिकामे असतात? जिथे हात रिकामे, तिथेच फॉर्म भरला जाईल. आणि दुपारी डबा खाताना त्याला विचारा, "ऑफिसला तुझ्या कामातलं काय कळत नाही?" उत्तर शांतपणे ऐका, मध्ये बोलू नका. तुमच्या फॉर्मचा पहिला प्रश्न त्या उत्तरातच सापडेल.

मी हा दिवस दोन महिने उशिरा घालवला. त्याची किंमत मामांनी भरली. तुम्ही तसं करू नका, एवढंच सांगायचं होतं.

सात प्रश्नांचा फॉर्म स्क्रीनवर कसा बनवायचा, ते या आठवड्याच्या व्हिडिओत आहेच. पण आधी तो एक दिवस फिरून या, मग व्हिडिओ बघा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत धंदा जपा आणि धंद्यातली माणसंही.